शाळेत रक्त सांडले तर

शाळा म्हटली की मुले आली. मुले आली की खेळ आला. खेळ आला की पडणे-झडणे आले. कुणाचा गुडघा फुटतो. कुणाच्या नाकातून घळाघळा रक्त येते. कुणाचा दुधाचा दात पडतो, तर कुणाचे बोट पेन्सिलीला टोक करताना ब्लेडने कापते.

अशा वेळी धावत कोण जाते? आई-बाप तर शेतावर असतात. धावतात ते शिपाईमामा. धावतात पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. अंगणवाडीच्या ताई धावतात, गुरुजी आणि बाई धावतात. पोराला उचलून घेतात. हाताला लागेल त्या फडक्याने, नाहीतर पदरानेच रक्त पुसतात.

ही माया मोठी आहे. पण मायेला थोड्या माहितीची जोड हवी. ती जोड नसली, तर दोन प्रकारचे नुकसान होते. एक, रक्तातून येणारा आजार आपल्याला जडू शकतो. दुसरे, नुसत्या भीतीपोटी आपण एखाद्या निष्पाप लेकराला शाळेबाहेर काढून बसतो. ही दोन्ही नुकसाने टाळता येतात. कशी, ते पाहू.

रक्तात काय असते?

रक्त हे जीवनच आहे. त्यात वाईट असे काही नाही. पण काही माणसांच्या रक्तात आजाराचे जंतू असतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. साध्या भिंगातूनही दिसत नाहीत.

असे जंतू पुष्कळ आहेत. त्यांपैकी तीन मुख्य आहेत.

पहिला, कावीळ 'ब' चा जंतू. याला दवाखान्यात हिपॅटायटिस बी म्हणतात. हा काळजाच्या खाली उजव्या बाजूला असलेल्या यकृताला धरतो. याचा शोध १९६५ साली लागला. तो लावणारे डॉक्टर ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा, कावीळ 'क' चा जंतू. याला हिपॅटायटिस सी म्हणतात. हाही यकृतालाच धरतो. याचा शोध १९८९ साली लागला.

तिसरा, एच.आय.व्ही. यापासून पुढे एड्स होतो. १९८३ साली हा जंतू सापडला. आपल्या देशात तो १९८६ साली चेन्नई येथे पहिल्यांदा आढळला.

या तिन्ही जंतूंची एक खोड सारखी आहे. ते अंगात शिरल्यावर वर्षानुवर्षे गप्प बसतात. माणूस धडधाकट दिसतो. शेतात राबतो, कुस्ती खेळतो, पंगतीत जेवतो. त्याचे त्यालाही कळत नाही. पुढे कधीतरी आजार डोके वर काढतो.

म्हणून ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कुणाच्या रक्तात जंतू आहे, हे तोंडावरून ओळखता येत नाही. ते कपाळावर लिहिलेले नसते.

जंतू आत कसे शिरतात?

आपली कातडी म्हणजे घराची भिंत आहे. भिंत धड असेल तर चोर आत येत नाही. तसेच, कातडी धड असेल तर दुसऱ्याचे रक्त वर सांडले तरी जंतू आत जात नाहीत. साबणाने धुतले की झाले.

पण भिंतीला भगदाड असेल तर? हाताला चीर असेल, नखाजवळ कातडी सोलली असेल, खरूज असेल, विळीने ताजे कापलेले असेल, तर ती वाट उघडी राहते. डोळे, तोंड आणि नाक यांच्या आतली कातडी फार नाजूक असते. तिथेही रक्त उडू देऊ नये. आणि रक्ताने भरलेली सुई किंवा ब्लेड अंगात घुसली, तर चोराला दारच उघडून दिल्यासारखे होते.

शाळेबाहेर हे जंतू आणखी काही वाटांनी पसरतात. असुरक्षित शरीरसंबंध ही एक वाट. बाळंतपणात आईकडून बाळाकडे ही दुसरी वाट. एकच सुई अनेकांना टोचणे ही तिसरी. एकाच ब्लेडने अनेकांची दाढी करणे, न उकळलेल्या सुईने गोंदणे किंवा कान टोचणे, हेही धोक्याचे आहे.

कशाने पसरत नाहीत?

मावशी विचारतात, "त्या पोराला ताट वाढलं तर मला काही होईल का?"

नाही. एका पंगतीत बसून जेवल्याने हे जंतू पसरत नाहीत. एका माठातले पाणी प्याल्याने पसरत नाहीत.

शिपाईमामा विचारतात, "त्यानं हात धरला तर? त्याच्याबरोबर कबड्डी खेळली तर?"

हात धरा. कबड्डीही खेळू द्या. स्पर्शाने, घामाने, शिंकेने, खोकल्याने हे जंतू पसरत नाहीत. एका बाकावर बसल्याने, एकच शौचालय वापरल्याने पसरत नाहीत. मात्र खेळताना कुणाला रक्त आले, तर त्याला आधी बाजूला घ्या. पट्टी बांधा, मग पुन्हा खेळू द्या. हा नियम सर्व मुलांना सारखाच.

"आणि डास? डास तर रक्तच पितो की!"

प्रश्न चांगला आहे. डास आपले रक्त ओढून घेतो. पहिल्या माणसाचे रक्त तो दुसऱ्याच्या अंगात सोडत नाही. हे तीन जंतू डासाकडून पसरत नाहीत. डासाने हिवताप होतो, डेंगी होतो. ती गोष्ट वेगळी.

नियम एकच, सर्वांना

आता तुम्ही म्हणाल, "कुणाच्या रक्तात जंतू आहे ते कळत नाही. मग सांभाळायचे कुणापासून?"

याचे उत्तर सोपे आहे. कुणाचेही रक्त असो, ते उघड्या हाताने पुसायचे नाही. सरपंचाचे पोर असो, ऊसतोड मजुराचे पोर असो, की गुरुजींचे स्वतःचे पोर असो. हातमोजे घालायचेच. प्रत्येक वेळी रक्तात जंतू आहे असे धरूनच काम करायचे.

या एका नियमाचे दोन फायदे आहेत. आपण सुरक्षित राहतो. आणि कुणाला वेगळे काढायची गरजच पडत नाही. नियम सर्वांना सारखा असला, की अमक्याला एड्स आहे का, तमक्याच्या बापाला काय झाले होते, या चौकशा कराव्या लागत नाहीत.

हा नियम काही आज निघालेला नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने १९८७ साली दवाखान्यांसाठी तो सांगितला. १९९१ साली तिथे कायद्याने नियम झाले. ज्यांचा कामात रक्ताशी संबंध येतो, त्यांना मालकाने हातमोजे द्यावेत, शिक्षण द्यावे, आणि कावीळ 'ब' ची लस फुकट द्यावी, असे ठरले. शाळेतल्या परिचारिका आणि सफाई कामगार यांनाही तिथे हे शिकवतात.

पण नियम ठरण्याआधी त्याच देशात एक दुःखाची गोष्ट घडली. ती ऐकण्यासारखी आहे.

एक मुलगा, दोन शाळा

अमेरिकेत इंडियाना नावाचे राज्य आहे. तिथे कोकोमो या गावी रायन व्हाइट नावाचा मुलगा होता. त्याचा जन्म १९७१ सालचा. त्याला जन्मापासून एक आजार होता. जखम झाली की त्याचे रक्त लवकर थांबत नसे. त्यासाठी त्याला इतरांच्या रक्तापासून केलेले औषध टोचावे लागे. त्या औषधातून एच.आय.व्ही. त्याच्या अंगात शिरला. १९८४ सालच्या डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितले, "याला एड्स झाला आहे. हा सहा महिने काढील."

पोराला शाळेत जायचे होते. पण १९८५ साली शाळेने त्याला घेतले नाही. गावातले पालक घाबरले होते. डॉक्टर सांगत होते की शेजारी बसून हा आजार होत नाही. तरी लोकांचा विश्वास बसेना. रायन घरी बसून टेलिफोनवरून वर्गातले धडे ऐके. आईने कोर्टात दाद मागितली. १९८६ साली त्याला शाळेत घेतले. पण त्याचे शौचालय वेगळे. जेवायला टाकून देण्याची भांडी. मुले त्याच्यापासून दूर पळत. पुढे तर त्यांच्या घराच्या खिडकीतून बंदुकीची गोळी आली.

शेवटी १९८७ साली त्या कुटुंबाने गाव सोडले आणि सिसेरो नावाच्या गावी बिऱ्हाड केले. इथल्या शाळेने काय केले? रायन येण्याआधीच मुलांना आणि पालकांना एड्सची माहिती दिली. तो कशाने होतो, कशाने होत नाही, हे समजावले. पहिल्या दिवशी रायन शाळेत आला, तेव्हा मुलांनी पुढे होऊन त्याच्याशी हात मिळवले.

मुलगा तोच. आजारही तोच. एका गावाने हाकलले, दुसऱ्याने जवळ केले. फरक कशाचा होता? माहितीचा.

रायन सहा महिने नव्हे, तर पाच वर्षांहून अधिक जगला. ८ एप्रिल १९९० रोजी, १८ व्या वर्षी, तो वारला. त्याच वर्षी त्या देशाने एड्सच्या रोग्यांना मदत देणारा कायदा केला. त्या कायद्याला या मुलाचे नाव दिले.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

आपल्या देशातही २०१७ साली एच.आय.व्ही. आणि एड्सबद्दल कायदा झाला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्यातल्या तीन गोष्टी शाळेतल्या माणसांनी ध्यानात ठेवाव्यात.

एक. एच.आय.व्ही. आहे म्हणून कुणाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. शाळेतून काढताही येत नाही.

दोन. त्याच कारणाने कुणाची नोकरीही काढून घेता येत नाही. मग तो शिपाई असो की शिक्षक.

तीन. कुणाची तपासणी त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही. कुणाला हा आजार आहे हे आपल्याला कळले, तरी ते चार लोकांत बोलायचे नाही. चावडीवर नाही, पाणवठ्यावर नाही, शिक्षकांच्या खोलीतही नाही.

औषधेही आता चांगली आहेत. १ एप्रिल २००४ पासून सरकार एच.आय.व्ही. वरची औषधे फुकट देते. रोज नेमाने गोळ्या घेणारे मूल शिकते, खेळते, मोठे होते. कावीळ 'क' तर औषधाच्या गोळ्यांनी बहुधा तीन महिन्यांत बरी होते. २०१८ सालापासून तिच्यावरचे औषधही सरकारी योजनेतून फुकट मिळते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

मुलाला जखम झाली तर

१. घाबरू नका. मुलाला धीर द्या. "काही नाही रे बाळा, आत्ता बरं होईल," असे म्हणा.

२. मूल थोडे मोठे असेल, तर त्याच्याच हातात स्वच्छ फडके द्या. "जखमेवर घट्ट दाबून धर," असे सांगा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

३. तोवर आपण हातमोजे घाला. आपल्या हाताला चीर असेल तर आधी तिच्यावर पट्टी लावा.

४. हातमोजे नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातात चढवा. तीही नसेल तर फडक्याची जाड घडी मध्ये धरा.

५. रक्त थांबले की जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवा. स्वच्छ पट्टी बांधा. जखमेत हळद, चुना, तंबाखू, माती, विडीची राख असले काही भरू नका.

६. जखम मोठी असेल, किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल, तर दवाखान्यात न्या. १०८ या क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते.

७. हातमोजे काढताना आतली बाजू बाहेर येईल असे उलटे सोला. मग साबणाने हात धुवा. हात चोळताना सावकाश वीसपर्यंत आकडे म्हणा. हातमोजे घातले होते तरी हात धुवायचेच.

आणि एक सांगायचे राहिले. मोठा अपघात असेल, पोराचा जीव जात असेल, हाताशी हातमोजे नसतील, तर मदत थांबवू नका. हाताला लागेल ते कापड घ्या आणि जखम दाबा. धड कातडीवर रक्त लागले तर धुता येते. गेलेला जीव परत येत नाही.

नाकातून रक्त आले तर

आपल्याकडे मुलाला आडवे निजवतात, मान मागे करतात, कांदा हुंगायला देतात. यातले काही करू नका. मान मागे केली की रक्त घशात उतरते आणि मूल ओकते. त्याला बसवा. मान थोडी पुढे वाकवा. नाकाचा मऊ भाग त्याचा त्यालाच चिमटीत धरायला सांगा. तोंडाने श्वास घेऊ द्या. असे १० मिनिटे धरायचे. मध्येच सोडून बघायचे नाही. तेवढ्यात रक्त बहुधा थांबते. थांबले नाही तर दवाखाना गाठा.

फरशीवर रक्त सांडले तर

इथे खरे काम शिपाईमामांचे आणि सफाई करणाऱ्या मावशींचे. वाळलेले रक्त निरुपद्रवी असते असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. कावीळ 'ब' चा जंतू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकून राहू शकतो. म्हणून रक्ताचा डाग तसाच ठेवू नये.

पाण्याच्या टाकीत टाकायला ग्रामपंचायतीकडे टी.सी.एल. पावडर असते. तीच ब्लिचिंग पावडर इथे कामाला येते. एक लिटर पाण्यात चहाचे तीन सपाट चमचे ताजी पावडर ढवळा. भांडे प्लास्टिकचे घ्या. हे पाणी रोजचे रोज ताजे करावे. शिळ्या पाण्यात जोर राहत नाही. डबा उघडा राहिला तर पावडरीचाही जोर जातो.

आता असे करा. मुलांना दूर करा. हातमोजे घाला. खिडक्या उघडा. जुने फडके किंवा वर्तमानपत्र टाकून रक्त टिपून घ्या. मग त्या जागेवर पावडरीचे पाणी ओता. १० मिनिटे थांबा. ही १० मिनिटे महत्त्वाची आहेत. जंतू मरायला वेळ लागतो. नंतर पुसून घ्या आणि साध्या पाण्याने धुवा. फडकी, कागद, कापूस पिशवीत घालून तोंड बांधा. कुत्री उकरणार नाहीत अशा खोल खड्ड्यात पुरा.

मैदानावर मातीत रक्त सांडले असेल, तर वरची माती फावड्याने काढून पुरून टाका.

सावधान! ब्लिचिंग पावडरीत संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. हे पाणी अंगावर, जखमेवर, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

मुलाचे कपडे रक्ताने भरले असतील तर ते पिशवीत घालून घरी द्या. आईला सांगा, हाताला पिशवी बांधून साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

सुई, ब्लेड, काच

शाळेच्या आवारात कधी कधी वापरलेली सुई सापडते. कुणी ती गटारात टाकते, कुणी कुंपणाबाहेर भिरकावते. मुले ती खेळायला उचलतात. मुलांना शिकवा, "सुई दिसली तर हात लावायचा नाही. मोठ्या माणसाला सांगायचं."

मोठ्या माणसानेही ती हाताने उचलू नये. सांडशीने किंवा चिमट्याने धरावी. तिला टोपण लावायला जाऊ नये. टोपण लावताना सुई हमखास बोटात जाते. जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावावे. मग तो डबा उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे द्यावा.

फुटलेली काच झाडूने सुपलीत घ्यावी. कचऱ्याची पिशवी हाताने दाबू नये. कचऱ्याच्या डब्यात हात घालू नये. तो उपडा करून रिकामा करावा.

पेन्सिलीला ब्लेडने टोक करणे बंद करावे. वर्गात एक टोकयंत्र ठेवले की काम भागते.

चुलीपाशी

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचे बोट विळीवर कापते. तसे झाले तर काम थांबवा. हात धुवा, पट्टी बांधा. वर हातमोजा घाला, मगच पुन्हा भाजीला हात लावा. रक्त लागलेली भाजी टाकून द्या. विळी साबणाने धुवा, आणि पावडरीच्या पाण्याने पुसून पुन्हा धुवा.

मुलींच्या शौचालयात

पाळी ही निसर्गाची गोष्ट आहे. त्यात लाज नाही आणि विटाळही नाही. पण ते रक्तही रक्तच आहे. त्यालाही नियम तोच. मुलींना शिकवावे की वापरलेला पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकावा. डबा रिकामा करणाऱ्या मावशींना जाड हातमोजे द्यावेत. उघड्या हाताने हे काम कुणालाही करायला लावू नये. हे काम ठरावीक जातीच्या माणसाचे, हा विचारही सोडून द्यावा.

आपल्यालाच सुई टोचली तर

आता ही गोष्ट नीट वाचा. दोनदा वाचा.

सुई टोचली, रक्त आपल्या जखमेवर पडले, डोळ्यात उडाले, किंवा मुलाने चावून आपले रक्त काढले, तर असे करा.

पहिले. ती जागा लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. डोळ्यात उडाले असेल तर नुसत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. तोंडात गेले असेल तर थुंका आणि चुळा भरा.

दुसरे. बोट पिळू नका. तोंडाने चोखू नका. जखमेवर ब्लिचिंगचे पाणी ओतू नका.

तिसरे. मुख्याध्यापकांना सांगा. लपवू नका. यात लाज कसली?

चौथे. त्याच दिवशी, त्याच घटकेला सरकारी रुग्णालय गाठा. एच.आय.व्ही. ला आत रुजू न देणारे औषध तिथे मिळते. पहिल्या दोन तासांत घेतले तर उत्तम. ७२ तासांनंतर, म्हणजे तीन दिवस उलटल्यावर, त्याचा उपयोग होत नाही. हे औषध २८ दिवस न चुकता घ्यावे लागते. कावीळ 'ब' ची लस घेतली नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

धोका किती, हेही समजून घ्या. एच.आय.व्ही. असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई १,००० जणांना टोचली, तर औषध न घेताही साधारण ३ जणांना लागण होते. ९९७ जण वाचतात. म्हणून हातपाय गाळू नका. पण त्या तिघांत आपण नसावे, म्हणून औषध घ्यायचे.

कावीळ 'ब' चे तसे नाही. लस न घेतलेल्या १०० जणांना अशी सुई टोचली, तर ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते. लोक एड्सला भितात आणि काविळीला भीत नाहीत. सुईच्या बाबतीत खरा बिलंदर चोर ही कावीळच आहे.

लस घ्या

या बिलंदर चोराला कुलूप मात्र आहे. ते म्हणजे लस. मोठ्या माणसाला तीन टोचण्या घ्याव्या लागतात. पहिली आज, दुसरी एक महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. तिन्ही घेतल्या तरच कुलूप पक्के बसते. एक घेऊन थांबू नका.

लहान मुलांना ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिली टोचणी जन्मल्यापासून २४ तासांच्या आत. पुढे दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने झाल्यावर पाच रोगांची एकत्र लस देतात. तिच्यातही ही असते. घरात बाळ जन्मले की आशाताईंना याची आठवण करून द्या.

काविळीची माळ गळ्यात घातल्याने हा जंतू जात नाही. मनगटावर डाग दिल्यानेही जात नाही. रक्त तपासून डॉक्टरांचे औषध घ्यावे.

कावीळ 'क' आणि एच.आय.व्ही. यांच्यावर अजून लस निघालेली नाही. म्हणून हातमोजे, साबण आणि सावधपणा हीच त्यांच्यावरची ढाल.

शाळेची पेटी

प्रत्येक शाळेत एक पेटी असावी. तिच्यात हातमोज्यांचा खोका, पट्ट्या, कापूस, स्वच्छ फडकी, साबण, प्लास्टिकच्या पिशव्या, एक चिमटा आणि झाकणाचा जाड डबा ठेवावा. ब्लिचिंग पावडर वेगळी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. पेटीला कुलूप लावून किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी, असे मात्र नको.

"याला पैसे कोण देणार?" असे तुम्ही विचाराल. प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांतले तीन सभासद पालकच असतात. म्हणजे तुम्हीच! पुढच्या बैठकीला जा. आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. पेटीसाठी स्वतःच्या हाताने अर्ज लिहा. मावशींना हातमोजे मिळाले का, असे विचारा. शिपाईमामांना लस मिळाली का, असे विचारा. जे लोक आपल्या लेकरांचे रक्त पुसतात, त्यांची काळजी गावाने नाही घ्यायची, तर कुणी?

एच.आय.व्ही. बद्दल आणखी काही विचारायचे असेल, तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत. नावही सांगावे लागत नाही.

लक्षात ठेवा

• कुणाचेही रक्त असो, उघड्या हाताने पुसू नका.
• रक्त सांडलेल्या जागेवर ब्लिचिंगचे पाणी १० मिनिटे राहू द्या.
• सुई टोचली तर धुवा, सांगा, लगेच रुग्णालयात जा.
• कावीळ 'ब' ची लस तिन्ही वेळा घ्या.
• दुसऱ्याच्या आजाराची वाच्यता करू नका.
• रक्ताला जपून राहा, लेकराला जवळ घ्या.

उत्तरे सांगा

१. धड कातडीवर रक्त सांडले तर काय करावे?
२. एका पंगतीत जेवल्याने एच.आय.व्ही. पसरतो का?
३. नाकातून रक्त आले तर मान मागे करावी की पुढे?
४. सुई टोचल्यावर किती तासांच्या आत औषध सुरू झाले पाहिजे?
५. आपल्या गावच्या शाळेत पेटी आहे का? नसेल, तर ती मागणारा अर्ज लिहा.